नव्या घराचा प्रकाश: आज काय बसवायचं, उद्यासाठी काय सोडून ठेवायचं

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, वॉर्डरोबचं लॅमिनेट यांवर घरात महिनाभर खल चालतो. दिव्यांची पाळी येते ती थेट पीओपीवाला शिडीवर चढल्यावर. तो वरून विचारतो, “स्पॉट किती काढायचे?” आणि खालून कोणीतरी आकडा सांगतं. त्या एका मिनिटात ठरलेलं पुढची पंधरा वर्षं डोक्यावर राहतं.

पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांसाठी आणि या क्षेत्रात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. प्रकाशयोजनेत सध्या बरंच नवं येतंय: दिवसभरात रंग बदलणारे दिवे, चुंबकाने दिवे चिकटवता येतील असे ट्रॅक, माणूस खोलीत आहे की गेला हे ओळखणारे रडार सेन्सर, फोनवरून चालणारी बटणं. यातलं काय आज घ्यावं? माझं उत्तर एका साध्या हिशेबावर उभं आहे. एलईडी दिवा आणि त्याचा ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा छोटा डबा) पाच ते दहा वर्षं चालतात. फॅशन त्याआधीच संपते. भिंतीतली नळी आणि तार मात्र वीस-पंचवीस वर्षं जागची हलत नाही. म्हणून नवेपणा दिव्यात विकत घेण्याआधी तारांमध्ये त्याच्यासाठी जागा करून ठेवा.

पायऱ्या कामाच्या क्रमानेच दिल्या आहेत. पहिल्या चार वायरमनला बोलावण्याआधी उरकायच्या.

पायरी १: रिकामं घर दिवसा बघा

सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळांना, सगळे दिवे बंद ठेवून घरात फिरा. फोनवरचं लक्स (दर चौरस मीटरवर किती उजेड पडतो याचं एकक) मोजणारं ॲप काटेकोर नसतं, पण इथल्या आणि तिथल्या उजेडातला फरक कळायला पुरतं. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स असतात. आषाढातल्या काळ्या ढगांखालीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. त्याच वेळी खिडकीपासून पंधरा फूट आत शंभर-दीडशेसुद्धा मिळणं कठीण.

हा फरक डोळ्यांपुरता नाही. पाहण्याच्या पेशींखेरीज डोळ्याच्या पडद्यावर आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. शरीराचं घड्याळ त्या लावतात आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. या पेशींच्या हिशेबाने उजेड मोजायचं वेगळं एकक आहे, मेलॅनोपिक लक्स. संशोधकांच्या एका गटाने २०२२ मध्ये त्यात तीन आकडे सुचवले: दिवसा डोळ्यांच्या पातळीवर किमान २५०, झोपेआधीचे तीन तास १० पेक्षा कमी, झोपताना १ पेक्षा कमी. ‘ह्यूमन सेंट्रिक लाइटिंग’ या नावाने आज जे महागडं साहित्य विकलं जातं त्याच्या मुळाशी हेच आहे. पण दिवसाचे २५० गाठायला खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची पुरते. आधी तेवढं करा.

जुन्या घरांना हे ठाऊक होतं. कोकणात माजघर अंधारं होतं म्हणून छपरात एखाद-दुसरं काचेचं कौल घालत. वाड्यांना चौक होते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांची पातळ तावदानं असत. ऊन त्यातून गाळून, मऊ होऊन आत येई. मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी दोन-दोन मजले उंचीच्या कोपऱ्यातल्या गच्च्या ठेवल्या. ऊन-पाऊस त्यांनी झेलायचा आणि आतल्या खोल्यांना फक्त उजेड द्यायचा. आजच्या जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेची गंमत अशी की ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पडदे ओढले जातात आणि भर दुपारी दिवे लागतात. अशी खिडकी तुमच्या वाट्याला आली असेल तर पातळ आणि जाड असे दोन पडदे, किंवा पट्ट्या वर वळवून उजेड छतावर टाकता येणारं ब्लाइंड, याचे पैसे दिव्यांच्या आधी बाजूला काढा. दिवसाचा उजेड कुठवर पोचतो त्याची रेघ नकाशावर पेन्सिलने मारून ठेवा.

पायरी २: नकाशावर आधी फर्निचर, मग माणसं, मग दिवे

छताच्या नकाशावर दिव्यांची सुबक जाळी आखायचा मोह आवरा. आधी सोफा, पलंग, जेवणाचं टेबल, टीव्ही आणि पंखे काढा. त्यानंतर कोण कुठे बसून काय करणार ते लिहा.

पंख्यापासूनच सुरुवात करू, कारण परदेशी पुस्तकांत हा मुद्दा सापडत नाही. छतातला दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर किंवा अगदी लगत आला की पातं प्रकाश कापत जातं आणि खोलीभर सावली लपलपते. जेवताना, वाचताना हा छळ असह्य होतो. साधा घरगुती पंखा १,२०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून दोन फूट. पात्याच्या टोकापासून आणखी दीड-दोन फूट दूर आणि अरुंद झोताचा दिवा घ्या. ते जमत नसेल तर पंख्याच्या खोलीत मुख्य उजेड भिंतींवरून घ्या.

स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एक दिवा असतो आणि ओट्यावर काम करणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असते. सावली नेमकी पोळपाटावर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. ओट्यावर ३०० ते ५०० लक्स मिळायला हवेत. ग्रॅनाइट काळा आणि चकचकीत असेल तर साध्या पट्टीचे ठिपके त्यात आरशासारखे उमटतात. तिथे सलग प्रकाश देणारी सीओबी पट्टी, दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये.

बाथरूमच्या आरशाला दिवा डोक्यावर नको, दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर हवा. वरून येणाऱ्या उजेडात प्रत्येक जण आजारी दिसतो.

जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर. पलंगाच्या उशीवर छतातून काहीही नको. देवघरात समईच्या ज्योतीचा रंग दोन हजार केल्विनच्याही खाली असतो (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). तिच्या डोक्यावर पांढराफटक पॅनेल ठेवलं की समई असून नसल्यासारखी होते. तिथे बाजूने येणारा, मंद करता येणारा, पिवळा उजेड ठेवा.

घरात आजी-आजोबा असतील तर तेही नकाशावर लिहा. वय वाढलं की डोळ्याच्या भिंगातून कमी उजेड आत जातो. विशीतल्या माणसाला जेवढ्यात वाचता येतं त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड साठीपुढे लागतो. पण त्याच वयात डोळे दिपण्याचा त्रासही वाढतो. त्यामुळे छतात जास्त वॉट भरून उपयोग नाही. खुर्चीशेजारी, खांद्यामागून येणारा वाचायचा दिवा द्या.

पायरी ३: उजेड कुठे नको ते ठरवा

रिचर्ड केली या अमेरिकी प्रकाशयोजनाकाराने १९५२ मध्ये प्रकाशाची तिहेरी विभागणी मांडली: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, नजर खेचून घेणारा उजेड आणि डोळ्यांना रिझवणारी चमक. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीचं आणि वास्तुविशारद लुई कान यांच्या किंबेल संग्रहालयाचं प्रकाशकाम त्याचंच. सत्तर वर्षांत दिवे आमूलाग्र बदलले, विभागणी टिकून आहे.

आपल्याकडे घर म्हणजे बहुधा फक्त पहिला प्रकार, तोही मंद नाही. सगळीकडे सारखा प्रकाश पडला की खोली सपाट दिसते. शिवाय खोली उजळ आहे की अंधारी हे आपण जमिनीवरून ठरवत नाही. नजर समोर असते, म्हणजे भिंतींवर. एक भिंत नीट उजळली की निम्म्या वॉटमध्ये खोली मोठी आणि प्रसन्न वाटते. पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देतो, गडद लाकूड जेमतेम १०-२० टक्के. म्हणून रंग आणि व्हिनिअर ठरायच्या आत प्रकाशाची बैठक व्हायला हवी.

भिंत धुतल्यासारखी सारखी उजळायची असेल तर दिवे तिच्यापासून छताच्या उंचीच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे साडेनऊ फुटांच्या खोलीत साधारण तीन फुटांवर ठेवा. भिंत दगडी किंवा खडबडीत असेल आणि तिचा पोत दाखवायचा असेल तर सहा-आठ इंचांवर. उलटपक्षी, भिंतीचं प्लास्टर उंच-सखल असेल तर दिवा चुकूनही जवळ नेऊ नका. गवंड्याची प्रत्येक चूक वर येते.

जिथे उजेड नको तिथे नकाशावर फुली मारा: टीव्हीसमोरची जागा, उशी, सोफ्यावर बसलेल्याच्या थेट डोळ्यांत येणारा कोन. फुल्या मारून झाल्या की दिव्यांची यादी आपोआप आखूड होते.

पायरी ४: हिशेब

वॉट विसरा, ल्युमेन बघा. वॉट म्हणजे खर्च होणारी वीज, ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा. तेवढंच काम आज नऊ वॉटचा एलईडी करतो. केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले, पण “किती वॉटचा?” हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

समजा हॉल १२ बाय १५ फूट आहे, म्हणजे साधारण १७ चौरस मीटर. बसण्या-बोलण्याला सरासरी १५० लक्स पुष्कळ झाले. १७ गुणिले १५० म्हणजे सुमारे २,५०० ल्युमेन. दिव्यातून निघालेल्या उजेडातला निम्म्याच्या आसपास कामाच्या पातळीवर पोचतो, म्हणून ४,५०० ते ५,००० ल्युमेन धरा. आजच्या बऱ्या दिव्यांना हे ५० वॉटमध्ये जमतं. आता याच हॉलमध्ये कंत्राटदार १२ वॉटची पंधरा पॅनेल मारतो. एकूण १८० वॉट, सोळा हजारांच्या आसपास ल्युमेन. मग घरातले सगळे त्यातली चारच लावून बसतात आणि उरलेली अकरा पाहुण्यांसाठी राहतात.

झोताचा कोनही मोजता येतो. छतापासून टेबलापर्यंत दोन मीटर असतील तर २४ अंशांचा दिवा ८५ सेंटिमीटरचं वर्तुळ उजळतो, ३६ अंशांचा १.३ मीटरचं, ६० अंशांचा २.३ मीटरचं. चित्राला २४, टेबलाला ३६, येण्या-जाण्याच्या जागेला ६० हा ढोबळ नियम ठेवा. विद्यार्थ्यांनी प्रकाशाचा हिशेब करणारं डायलक्स हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्यावं. चांगल्या कंपन्या आपल्या दिव्यांच्या फोटोमेट्रिक फाइल (दिवा कोणत्या दिशेला किती उजेड टाकतो याची माहिती) देतात. त्या त्यात भरल्या की भिंतीवर किती लक्स पडतील ते आधीच दिसतं. फाइल मागितल्यावर विक्रेता गोंधळला तर तेही बरंच काही सांगून जातं.

पायरी ५: रंग, आणि ‘पिवळा म्हणजे अंधार’ हा समज

ट्यूबलाइटच्या पन्नास वर्षांनी आपल्याला ६,५०० केल्विनची सवय लावली. दुकानात ‘कूल डेलाइट’ म्हणतात तो हा. पांढरा म्हणजे जास्त उजेड असं त्यामुळे वाटतं. प्रत्यक्षात तेवढ्याच ल्युमेनचा ३,००० केल्विनचा दिवा तेवढाच उजेड देतो. घरात पिवळ्याला विरोध असेल तर वाद घालू नका. हॉल आणि झोपायच्या खोल्या ३,०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा ४,००० असं ठरवा. ४,००० ला विक्रेते न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट म्हणतात. एका खोलीत दोन रंग सतत एकत्र जळत ठेवू नका.

रंग बदलणारे म्हणजे ट्यूनेबल दिवे सकाळी पांढरे, रात्री पिवळे होतात. दुसरा प्रकार मंद करत नेल्यावर जुन्या बल्बसारखा आणखी पिवळा होत जाणारा. झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये हा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो: त्याला ॲप लागत नाही, शिकवावं लागत नाही, अंगठ्याने नॉब फिरवला की झालं. ट्यूनेबलचे पैसे द्यायचेच असतील तर जिथे दिवसभर बंद खोलीत बसून काम होतं तिथे द्या.

केल्विनपेक्षा महत्त्वाचा आकडा सीआरआय. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचं ते माप, कमाल १००. स्वस्त दिव्यांवर ८० लिहिलेलं असतं. पण ही सरासरी आठ फिक्या रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याचं वेगळं माप म्हणजे आर-नाइन. आपल्या कातडीत, टोमॅटोत, कुंकवात, लाल काठाच्या साडीत सगळा खेळ लालाचा. म्हणून सीआरआय ९० च्या वर आणि आर-नाइन ५० च्या वर मागा. आता ९९ रंगनमुन्यांवर आधारलेली टीएम-३० ही पद्धत हळूहळू सीआरआयची जागा घेतेय. जी कंपनी तिचा अहवाल देते ती सहसा बाकीचंही लपवत नाही.

पायरी ६: छत

फॉल्स सीलिंग करायलाच हवं असं नाही. ताज्या कामांत स्लॅब उघडा ठेवून त्यावर सिलिंडरसारखे दिवे किंवा ट्रॅक लावण्याकडे कल आहे, आणि नऊ-साडेनऊ फुटांच्या फ्लॅटमध्ये चार-सहा इंच वाचणं चांगलंच. करायचं असेल तर फक्त कडेने करा.

कोव्ह, म्हणजे छताच्या कडेला लपवलेली पट्टी, हमखास बिघडते ती दोन कारणांनी. पट्टी आणि वरचं छत यांत सहा इंचांपेक्षा कमी जागा ठेवली की उजेड पसरत नाही, नुसती कडेला पांढरी रेघ उमटते. आठ-दहा इंच मिळाले तर उत्तम. दुसरं कारण म्हणजे १२ व्होल्टची पट्टी लांबवर ओढणं. पुढे वीजदाब पडतो आणि शेवटचा तुकडा मंद जळतो. २४ व्होल्टची घ्या आणि दर पाच मीटरला वेगळी तार द्या. दहा वॉट प्रतिमीटरची १२ मीटर पट्टी म्हणजे १२० वॉट. ड्रायव्हर १५० वॉटचा, म्हणजे तो ८० टक्क्यांवर चालेल आणि तापणार नाही.

छतातले दिवे निवडताना प्रकाशाचा उगम आत खोल असलेले, काळ्या किंवा गडद कडेचे, ज्यांना बाजारात अँटी-ग्लेअर म्हणतात ते घ्या. बसल्या जागेवरून दिवा दिसू नये, फक्त उजळलेली वस्तू दिसावी.

मॅग्नेटिक ट्रॅकबद्दल सगळे विचारतात. ४८ व्होल्टवर चालतो, दिवे हाताने सरकवता येतात, दिसतोही देखणा. पण एका कंपनीचा दिवा दुसरीच्या ट्रॅकमध्ये बसेल याची खात्री नसते. कंपनीने तो प्रकार बंद केला की छतात नुसती खाच उरते. हॉलच्या एखाद्या भिंतीपुरता ठीक, घरभर नको.

पायरी ७: तारा

हीच खरी भविष्याची गुंतवणूक. वायरमन काम सुरू करायच्या दिवशी ही कलमं छापून त्याच्या हातात द्या, आणि भिंती बुजवायच्या आत स्वतः तपासा.

प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, हवी. आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत बटणाच्या डब्यात फक्त फेज येते, न्यूट्रल परस्पर दिव्याला जाते. बहुतेक स्मार्ट बटणांना न्यूट्रल लागते. ती नसली की नंतर भिंत फोडण्याशिवाय चांगला मार्ग उरत नाही. डबे खोल घ्या, ५० मिलिमीटर तरी, म्हणजे मागे मॉड्यूल मावेल.

महत्त्वाच्या दिव्यांच्या जागी जास्तीच्या दोन बारीक तारा ओढून ठेवा. आज त्या रिकाम्या राहतील. उद्या ट्यूनेबल दिवा लावला, किंवा एका जोडीवर ६४ उपकरणं चालवणारी डाली नियंत्रणपद्धत बंगल्यात आणायची ठरली, तर त्याच कामी येतील. ज्या नळीत आज काहीच घालायचं नाही तिच्यात ओढतार (पुढे वायर आत ओढून घ्यायला) सोडून तोंड बंद करा.

ड्रायव्हर कधीही पीओपीच्या आत चिणू नका. एलईडीचा तुकडा क्वचित जातो. जातो तो ड्रायव्हर, आणि बहुधा उष्णतेने त्यातले कपॅसिटर सुकून. त्याला हवा लागेल आणि हात पोचेल अशी जागा द्या: वॉर्डरोबचा माथा, झाकणाची छोटी खिडकी, लॉफ्ट. युरोपात सप्टेंबर २०२१ पासून दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर बदलता आला पाहिजे असा नियमच आहे. आपण तो स्वतःला लावून घ्यावा.

पलंगाशी आणि लांब पॅसेजला टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन जागांहून चालवणारी बटणं. प्रत्येक खोलीतला एक तरी दिवा इन्व्हर्टरच्या सर्किटवर. शक्यतो कडेचा मंद दिवा, पंधरा पॅनेलांची रांग नव्हे. लाइटिंगला १.५ चौरस मिलिमीटरची तार, डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजपेटीत) ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण), धातूच्या प्रत्येक दिव्याला अर्थिंग. तुळई आणि खांब यांत झिरी मारू देऊ नका, पॉइंट सरकला तरी चालेल. आणि प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो, टेप धरून.

पायरी ८: बटणं आणि सेन्सर

स्मार्ट घराची माझी एकच परीक्षा आहे: इंटरनेट बंद, मालक परगावी, घरात पाहुणे. दिवे लागतात का? भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चाललंच पाहिजे. म्हणून स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट बटण बरं. कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं आणि स्मार्ट बल्ब मुका होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं. त्यावर चालणारी वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलतात आणि घरातल्या घरात, इंटरनेटशिवायही चालू शकतात. आज काही घ्यायचं तर खोक्यावर ते चिन्ह बघून घ्या. दृश्यं, म्हणजे एका बटणावर लागणाऱ्या दिव्यांच्या ठरलेल्या मांडण्या, चारच बसवा: सकाळ, रोजची संध्याकाळ, पाहुणे, झोप. वीस बसवणाऱ्यांना महिन्याभराने एकच लागतं.

सेन्सर मात्र आजच घेण्यासारखे. जुना पीआयआर हालचाल ओळखतो. बाथरूममध्ये माणूस शांत बसला की तो दिवा घालवतो आणि आत हात हलवत बसावं लागतं. रडारचा सेन्सर श्वासाइतकी हालचालही टिपतो. पण तो पातळ दारापलीकडचाही माणूस टिपतो आणि फिरत्या पंख्यालाही फसतो. त्याचा पल्ला कमी करून, पंखा नसलेल्या जागी वापरा. रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, अंबर रंगाचा एक-दोन वॉटचा सेन्सरवाला दिवा: एवढ्या पैशात घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी याहून उपयोगी काही मिळत नाही.

पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेवर चालणारे दिवे, मोठ्या कार्यालयांपुरते राहू द्या. प्रकाशातून इंटरनेट देणारं लाय-फाय घरात आज नको.

पायरी ९: खरेदी

दुकानातून नमुना घेऊन घरी या. एकच. रात्री लावा आणि त्याखाली टोमॅटो, कुंकू, एखादी पैठणी ठेवा. घरच्यांचे चेहरे बघा. मग फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वाईट ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, डोक्याला कळतं. फोनमध्ये गडद पट्टे धावताना दिसले तर परत करा. मंद करायचा असेल तर मंद करून पुन्हा तपासा. बरेच दिवे पूर्ण उजेडात शहाणे असतात आणि वीस टक्क्यांवर बिथरतात. डिमर आणि ड्रायव्हर एकमेकांना चालतात हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

खोक्यावर ल्युमेन, केल्विन, सीआरआय, झोताचा कोन आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, हवाच. आयुष्याच्या तासांपुढे एल-७० लिहिलंय का पाहा. म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो. एसडीसीएम (दिव्या-दिव्यांमधल्या रंगफरकाचं माप) तीन किंवा कमी असेल तर शेजारशेजारचे दोन दिवे एकाच रंगाचे दिसतील.

जुन्या ट्यूब काढल्या तर कचऱ्यात फोडू नका, त्यांत पारा असतो. मिनामाता करारानुसार नळीच्या फ्लुरोसेंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत जगभर थांबायची आहे, तेव्हा नव्या घरात तिच्यासाठी पट्टी ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी १०: बाल्कनी, अंगण, शेतघर

घराबाहेरच्या प्रकाशात सगळ्यात ठळक नवा कल म्हणजे कमी करणं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं काळोखं आकाश जपणारी जागा) म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड केलेले बसवले गेले. रत्नागिरीच्या वेळासला आणि गोव्यातल्या मोरजी, गालजीबागला कासवं अंडी घालतात. पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या दिव्यांनी ती उलटी वळतात. कोकणात जागा घेऊन घर बांधणाऱ्यांनी हे नकाशा काढतानाच लक्षात घ्यावं.

दिवा वरून झाकलेला, झोत खाली, रंग २,२०० ते २,७०० केल्विन, उंची कमी, आणि अकरानंतर सेन्सरवर. झाडांच्या बुंध्यातून वर फेकलेले हिरवे फ्लडलाइट हॉटेलवाल्यांना सोडून द्या. बाल्कनीत एक हूक आणि एक प्लगपॉइंट आकाशकंदिलासाठी हवाच. तो विसरला की दर दिवाळीला खिडकीतून वायर लोंबते. बाहेरच्या दिव्यांना आयपी-६५ (धूळ आणि पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा), आणि समुद्राजवळ साध्या लोखंडी स्क्रूऐवजी स्टेनलेस.

पायरी ११: बसवून झाल्यावर

झोत लावायचं काम दिवसा होत नाही. कंत्राटदाराला एक संध्याकाळ राखून ठेवायला आधीच सांगा. पडदे, चित्रं, फर्निचर जागेवर असताना एक माणूस शिडीवर आणि एक सोफ्यावर बसून प्रत्येक दिवा वळवायचा. चित्रावरचा झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांत ठेवला तर काचेत दिवा चमकत नाही. डिमर असतील तर प्रत्येकाची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा. ड्रायव्हर कमी तापतो.

ज्या खेपेचे दिवे बसवले त्याच खेपेतले प्रत्येक प्रकारचे दोन जास्तीचे घेऊन ठेवा, कारण दोन वर्षांनी तोच मॉडेल नंबर वेगळ्या रंगछटेत येतो. बिलं, भिंतींचे फोटो, सर्किटचा कागद आणि ड्रायव्हरचे नंबर एका फाइलमध्ये घालून ती डीबीच्या दाराआड ठेवा, आणि प्रत्येक ड्रायव्हरवर मार्करने तो कोणत्या दिव्याचा आणि कधी बसवला ते लिहा.